शेवटचे तीन हात

२८ सप्टेंबर
मशीन घेतलं एकदाचं. इलेक्ट्रिक स्नोब्लोअर, बॅटरीवालं. दुकानातला पोरगेला विक्रेता आधी वायरवालं गळ्यात मारत होता, हलकं आहे म्हणे. त्याला विचारलं, वायर बर्फाखाली गेली आणि मशीनने तीच गिळली तर? मग मुकाट बॅटरीवालं काढून दाखवलं. पेट्रोलवालं नकोच. दोरी ओढायला माझा खांदा तयार नाही, आणि तो वास डोक्यात जातो. दोन बॅटऱ्या मिळाल्या. दोन्ही बेसमेंटमध्ये चार्जरला लावल्या, बाहेरच्या थंडीत त्या टिकत नाहीत.

गाडीने सहा तासांवरच्या केंब्रिजहून लेकीचा, रुचाचा फोन. "आई, जस्ट हायर द देनेजमां गाईज. एव्हरीबडी डझ." खरं आहे. आमच्या ब्रॉसार्डमध्ये घरोघरी बर्फ काढणाऱ्या या देनेजमां कंपन्यांच्या नारिंगी काठ्या रोवलेल्या असतात. तिच्या बाबाने, मोहनने, बावीस वर्षं एक काठी रोवू दिली नाही. आपल्या दारातलं आपण काढायचं. गेल्या फेब्रुवारीत तो फावडं हातात असतानाच गेला.

रुचाशी ठरलंय ते असं: हा हिवाळा मी एकटीने धड काढला तर घर राहील. नाहीतर मार्चमध्ये विकायचं आणि तिच्याकडे जायचं. शब्द मीच देऊन बसलेय.

२ ऑक्टोबर, दसरा
मशीनला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं. प्लास्टिकवर कुंकू नीट बसत नाही.

मो. दर दसऱ्याला फावडं पुजायचा. नागपूरला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ पुजायचे, तेच इथे आणलं. "इथे आपलं शस्त्र हेच," म्हणायचा, आणि लाकडी दांड्याला लाल दोरा बांधायचा. यंदा मी फावडं काढलंच नाही. शेडमध्ये आहे, लॉनमोअरच्या मागे. ज्याच्यापायी माणूस गेला त्याला फूल वाहायला हात धजला नाही. आता लिहिताना वाटतंय, निदान नुसतं एक बोट कुंकू...

जाऊ दे. कुलूप लावलं. किल्ली देवघराच्या खणात.

९ नोव्हेंबर
पहिला बर्फ, चार बोटं. मशीनचा आवाज मिक्सरइतका. वीस मिनिटांत सगळा ड्राइव्हवे मोकळा. मध्येच ओला बर्फ नळीत अडकला. बॅटरी काढून लाटण्याने ढोसला, कारण सोबत दिलेली काठी मी पहिल्याच दिवशी कुठेतरी ठेवून दिलीय. मो.ची निळी टोपी घातली होती. कानांवर माझ्या टोपीपेक्षा नीट बसते.

समोरच्या मादाम ल्युसींनी खिडकीतून टाळ्या वाजवून दाखवल्या. वय ब्याऐंशी, अख्खा हिवाळा त्या खिडकीत. रु.ला फोटो पाठवला. "ओके, इम्प्रेसिव्ह." माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

३ डिसेंबर
रात्रभर पडला, वीतभर तरी असेल. सकाळी सातला बॅटरी घेऊन बाजूच्या दाराने बाहेर आले, तर वाट काढलेली.

दारापासून ड्राइव्हवेच्या कडेकडेने रस्त्याकडे. एका फावड्याच्या रुंदीची, कडा वडी कापावी तशा सरळ. रस्त्याच्या अलीकडे संपली. म्युनिसिपालिटीची गाडी रस्ता साफ करताना प्रत्येकाच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बर्फाचा बांध घालून जाते ना, दगडासारखा, तीन हात रुंद, त्याला हात लावलेला नाही.

कुणीतरी भल्या माणसाने केलं असेल म्हटलं. बाकीचं मशीनने काढलं. बांधाला तीनदा भिडवावं लागलं, पण फोडला.

४ डिसेंबर
मादाम ल्युसींकडे गाजर हलवा घेऊन गेले. विचारलं, काल माझी वाट कुणी काढली, तुमचा भाचा का?
"मॅ नाँ, वासांती. यू डिड इट. आय सॉ यू, व्हेरी अर्ली. द ब्लू ट्युक." निळी टोपी. "आय वेव्ह्ड. यू डिड नॉट वेव्ह."
मी हसून घेतलं. काल सातच्या आधी मी घराबाहेर पडलेच नाही. टोपी खुंटीला होती. ओली होती का, ते पाहिलं नाही. वीस वर्षं लॅबमध्ये काढली आणि साधं ते पाहिलं नाही.

१२ डिसेंबर
पुन्हा.

या वेळी नीट बघितलं. वाट सरळ जात नाही. मध्यावर डावीकडे वळसा घेते आणि परत सरळ होते. तिथे माझी पिओनी आहे. ऑक्टोबरात छाटली, वर काडीसुद्धा नाही, आणि त्यावर हातभर बर्फ. ती तिथे आहे हे वरून कुणाला कळणार नाही. मो. फावडं मारताना तिथे वळायचा, तिच्या मुळांवरून रोज पाय नकोत म्हणून. मी चिडवायची, बायकोपेक्षा झुडपाला जास्त जपतोस.

दाराच्या डाव्या अंगाला फावडं टेकवलेलं. दांड्याला गेल्या वर्षीचा दोरा. शेडचं कुलूप जागच्या जागी. किल्ली खणात.

टोपी पाहिली. कोरडी.

फावडं परत शेडमध्ये ठेवलं. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

१३ डिसेंबर
पिओनी कुठे आहे ते दोघांना माहीत होतं. एक तो. एक मी.

माझी आई शेवटच्या दोन वर्षांत पहाटे उठून अंगण झाडायची. मग चहा पिताना आम्हाला विचारायची, आज कोणी झाडलं गं इतकं छान? आम्ही एकमेकींकडे बघायचो. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा तिला बासष्टावं होतं. मला जूनमध्ये त्रेसष्ट पूर्ण.

हे रु.ला कळलं तर मार्च वगैरे कोण बघतंय.

२२ डिसेंबर
उद्या सकाळपर्यंत बर्फ सांगितलाय. प्रयोग.

थंडीत मी रांगोळी आतच काढते, उंबऱ्याच्या अलीकडे, बाहेर वारा ठेवत नाही. आज जेवणानंतर काढली. बाजूच्या दाराशी, पुढच्या दाराशी, गराजच्या दाराशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मध्ये पाऊल ठेवायला जागा नाही. न मोडता ओलांडायची तर मला उडी मारावी लागेल, आणि माझे गुडघे बघता तो प्रश्नच येत नाही. रांगोळीचा डबा रिकामा झाला.

२३ डिसेंबर
तिन्ही रांगोळ्या जशाच्या तशा. एक ठिपका हललेला नाही. फोटो काढून ठेवलेत.

वाट काढलेली. पिओनीशी वळसा. बांधाशी थांबलेली. फावडं दाराच्या डाव्या अंगाला.

इतकं हायसं वाटलं की मी स्वयंपाकघरात बसून रडले. मी नाही. मी नाही.

मग चहाचं भांडं उचलताना उजवा तळवा चुरचुरला. अंगठ्याच्या मुळाशी फोड. मशीनने फोड येत नाहीत. त्याची मूठ रबरी आहे.

४ जानेवारी
रु.ला सांगितलं. राहवलं नाही. फोड सोडून सगळं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच, "अराउंड द पिओनी?" हो म्हटलं. तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. "बाबा युस्ड टू डू दॅट." मला वाटलं आता दोघी मिळून रडू. पण ती नाक पुसून एकदम इंजिनिअर झाली. डॉक्टरची अपॉइंटमेंट तिनेच घेतली. शिवाय सतरा तारखेला ती येतेय, सोबत घर विकणारी एजंट बाई. "जस्ट टू लुक, आई. नो प्रेशर."
तोंड बंद ठेववलं नाही माझ्याच्याने.

९ जानेवारी
डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं. पाच शब्द सांगितले, नंतर पाचही आठवले. शंभरातून सात सात वजा. मी बहात्तरनंतरही करत राहिले, तेच म्हणाले पुरे. सगळं छान आहे, मादाम. दुःखात असं होतं.
असं म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही.

१४ जानेवारी
आज परत. आज मी मशीन चालू केलं नाही. वाटेवरून चालत शेवटपर्यंत गेले आणि जिथे ती संपते तिथे उभी राहिले.

अँब्युलन्सच्या माणसांनी मो.ला नेमकं इथूनच उचललं. माझ्या डोळ्यांसमोर आहे. फावडं बांधात रुतलेलं, उभं. गुडघे वाटेवर. पलीकडे तीन हात गेले की रस्ता.

प्रत्येक वेळी तो इथवर येतो. आणि प्रत्येक वेळी मी मागून येऊन, टाळ्या घेत, उरलेलं मशीनने फोडून टाकते.

घरात जाऊन हळदकुंकू आणलं. फावड्याचं पातं पुसलं, बोटं ओढली, जुना दोरा सोडून नवा बांधला. झेंडू या दिवसांत कुठला, ल्युसींनी नाताळात दिलेल्या पोइन्सेटियाचं एक लाल पान ठेवलं. चुकलं माझं, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. शेडला कुलूप लावलं नाही.

१७ जानेवारी
बर्फ पहाटेपासून थांबलाय. अठरा सेंटिमीटर. गाडी रस्ता साफ करून गेली, बांध कमरेइतका.

वाट आहे. वळसा आहे. आणि आज ती बांधाशी थांबलेली नाही. आत शिरलीय. फावड्याच्या रुंदीची खाच, बरोबर एक हात. मी आडवी पट्टी धरून मोजलं. दोन हात उरले.

ड्राइव्हवे मशीनने काढून झाला, बांधापर्यंत. बांध राहिलाय. दुसरी बॅटरी फुल्ल आहे, दहा मिनिटांचं काम. रु.चा मेसेज आला, "ट्वेंटी मिनिट्स अवे, एजंट इज विथ मी." तिची गाडी आत आली नाही तर ती काय समजेल ते मला माहीत आहे. एजंट बाई रस्त्यावर उभी राहून वहीत काय लिहील तेही. आणि मला हे घर हवंय.

पायरीवर बसून लिहितेय. मांडीवर मशीनची किल्ली, ती लावल्याशिवाय ते चालू होत नाही. समोर ल्युसी खिडकीत आहेत. त्यांनी हात केला, मी केला. मग त्यांनी परत हात केला, जरा डावीकडे, दाराच्या बाजूला, जिथे फावडं टेकवलंय तिकडे बघून.

मी वळून पाहिलं नाही.

दोन हात. पुढच्या बर्फात एक, त्याच्या पुढच्यात दुसरा. त्यानंतर रस्ता आहे, आणि रस्त्यापर्यंत पोचलेला माणूस परत दाराशी कशाला येईल. पण अर्धं टाकून त्याला कधी झोप लागली नाही, हेही मीच जाणते.

कोपऱ्यावर रु.ची गाडी दिसतेय, पांढरी. किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. बांध तसाच आहे.