लाल ठिपक्याची दुर्बीण

५ नोव्हेंबर

आले एकदाची! उदगीरहून बीड, बीडहून लिंबागणेश आणि तिथून पुढं जीपमध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला खेटून ही डोंगरावरची धनगरवस्ती. दोन घरं, एक मेंढरांचा वाडा, पाण्याची सिमेंटची टाकी, संपली वस्ती. एका घरात आप्पाराव मामा आणि बायडामावशी राहतात. दुसरं रिकामं होतं, ते मला भाड्यानं मिळालं. एक खोली, वर मातीचं माळवद, चढायला लाकडी शिडी. माळवदावरून समोरचा सगळा उतार दिसतो, पार खाली बंद पडलेल्या दगडखाणीपर्यंत. मला तर खोलीपेक्षा माळवदच जास्त आवडलं.

पुण्याच्या एका संस्थेनं मला लांडग्यांवर लक्ष ठेवायला नेमलंय. दिवसा बिळं शोधायची, रात्री हालचाल टिपायची आणि चित्रफिती पाठवायच्या. मावशींनी आल्या आल्या भाकरी-ठेचा पुढं ठेवला आणि विचारलं, एवढ्या लांब एकटी कावून आलीस माय, घरी कुणी न्हाई का? म्हटलं, आहेत की, म्हणून तर आले. त्या पोट धरून हसल्या.

७ नोव्हेंबर

आज चौसाळ्याला जाऊन खरेदी उरकली. संस्थेनं फर्मान काढलंय की दिवसाची दुर्बीण आणि रात्रीचं यंत्र, दोन्ही पंचवीस हजारांत बसवा. कसलं डोंबल बसतंय! पण बसवलं.

बंकट नावाच्या माणसाचं टॉर्च, कॅमेरे आणि रानडुकरं पळवायच्या भोंग्यांचं दुकान आहे. माणूस बोलघेवडा, पण फसवणारा नाही. 'शंभर पट मोठं दिसतं' असं खोक्यावर छापलेली दुर्बीण त्यानंच बाजूला सारली. वीस ते साठ पट पुरे, म्हणाला, आणि पुढची काच मोठी बघा, पट मोठा बघू नका. मी साठ मिलिमीटर काचेची घेतली आणि उरलेले पैसे वजनदार तिपाईत घातले. साठ पटीवर नुसता श्वास लागला तरी चित्र हलतं, त्यामुळं तिपाई हलकी घेतली की सगळंच मुसळ केरात.

रात्रीच्या यंत्राचा मात्र घोळ झाला. अंगाच्या उबेवर चालणारी यंत्रं आपल्या ऐपतीबाहेर. राहिली डोळ्यांना न दिसणारा दिवा टाकून पडद्यावर दाखवणारी. त्यात दोन जाती. एकीचा दिवा समोरून अजिबात दिसत नाही, पण ती महाग आणि जवळचंच दाखवते. दुसरी स्वस्त, थेट खाणीपर्यंत दाखवते, पण समोरच्याला बारीक लाल ठिपका दिसतो. बंकटनं दोनदा बजावलं की ताई, जनावराला कळतं हां कोण बघतंय ते. मी म्हटलं, कळू दे. लांडगा काय माझ्यावर फिर्याद करणार आहे? स्वस्त घेतली.

९ नोव्हेंबर

लांडगीण दिसली! सकाळी, कोवळ्या उन्हात, बिळाच्या तोंडाशी. तिचे कान, कानांवरच्या गोमाश्यासुद्धा. मी एकटीच माळवदावर नाचले.

आता खरं लिहिते, इथं कोण वाचणार आहे? मला रातांधळेपणा आहे. दिवस कलला की माझ्यापुढं काळी भिंत. बाकीच्यांना चांदण्यात वाट दिसते, मला स्वतःचा हात दिसत नाही. संस्थेला हे ठाऊक नाही. कळलं तर नोकरी गेली, आणि मग उदगीरला शिवलिंगदादाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचं, तो ठरवेल त्या मुलाला 'हो' म्हणेपर्यंत. नको रे बाबा. यंत्राचा पडदा उजळ असतो, त्यामुळं त्यातून मला सगळं दिसतं. बाकीच्यांसाठी ते यंत्र आहे, माझ्यासाठी ते डोळेच आहेत.

११ नोव्हेंबर

पहिली रात्र झकास गेली. वाड्यातल्या मेंढरांचे डोळे यंत्रात पांढरे चमकतात, कुत्र्यांचे, कोल्ह्याचेही. माणसाचे चमकत नाहीत.

खाणीच्या काठावर कुणीतरी घोंगडं पांघरून उभं होतं. मामा असतील, लांडग्याच्या धाकानं फेरी मारत असतील. बराच वेळ माझ्याकडंच तोंड करून होते. मी हात हलवला, मग आठवलं की त्यांना मी कुठून दिसणार.

१३ नोव्हेंबर

मामांना सहज विचारलं, रात्री खाणीकडं कशाला जाता? ते म्हणाले, मी न्हाई गेलतो, आमच्यातलं कुणीच तिकडं जात न्हाई. आणि विडी विझवून वाड्यात गेले.

काल रात्री तो माणूस खाणीपासून वर आला होता. मधल्या बाभळीखाली उभा. यंत्रात चित्र जवळ ओढून पाहिलं. घोंगडं, काठी, खांद्याला पिशवी. डोळे मेंढरांसारखे चमकत होते.

स्वस्त यंत्र आहे, चित्र खरखरीत येतं, काहीतरी चूक असणार. असं मी स्वतःला समजावतेय.

१५ नोव्हेंबर

काल मामा लिंबागणेशहून रात्री उशिरा चालत आले. सकाळी उजाडताच माझ्या दारात. तुमच्या माळवदावर लाल दिवा कुणी लावला, असं विचारलं. मी यंत्र दाखवलं. ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मग सगळं सांगितलं.

यांच्यात रीत आहे. कुणी रात्री हरवलेलं मेंढरू शोधायला गेलं की घरच्यानं कंदिलाला लाल फडकं बांधून उंचावर लावायचं. पांढऱ्या उजेडाला मेंढरं बुजतात, म्हणून लाल. जाणाऱ्यानं त्या दिव्याच्या रोखानं परत यायचं. आल्यावर ज्यानं दिवा लावला त्याच्याच जवळ जाऊन 'आलो' म्हणायचं. तोवर दिवा काढायचा नाही.

त्यांचा मुलगा सोमनाथ दोन वर्षांपूर्वी असाच गेला. त्या रात्री मावशींचा डोळा लागला आणि दिवा विझला. तिसऱ्या दिवशी तो खाणीतल्या पाण्यात सापडला. त्याच्या बायकोनं, बबितानं, घर सोडलं आणि ती माहेरी गेली. तेच हे घर. तेव्हापासून या डोंगरावर कुणी लाल दिवा लावलेला नाही. मी लावला. रोज रात्री, त्याच्या रोखानं.

मामांनी हात जोडले. मी शपथ घेतली की यंत्र पुन्हा सुरू करणार नाही.

१६ नोव्हेंबर

दार बंद करून, यंत्राच्या दिव्याला काळी चिकटपट्टी लावून पाहिली. पडद्यावर काळंकुट्ट. बंकटला फोन केला, बदलून द्या, वरचे पैसे मी घालते. तो म्हणाला, माल पुढच्या आठवड्यात येईल. पुण्याहून संस्थेच्या सत्यभामा मॅडमचा फोन आला. रात्रीच्या चित्रफिती का थांबल्या? शनिवारपर्यंत आल्या नाहीत तर दुसरं कुणी बघू. बघा म्हणावं! असं म्हणायची हिंमत मात्र झाली नाही.

संध्याकाळी मावशी आल्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझे पाय धरले. माय, तू दिवा बंद कावून केलास? लेकरू अर्ध्या वाटंत उभं हाय. माझ्यामुळं एकदा चुकलंय ते, आता पुन्हा चुकवू नगंस. मी त्यांना उठवलं, जवळ घेतलं. दोघी रडलो. पण नाही म्हटलं. मला त्यांची दया येते आणि त्याची भीती वाटते, आणि भीती जास्त आहे.

१८ नोव्हेंबर

तीन रात्री यंत्र फळीवर, मी दाराला कडी लावून आत. शांत गेल्या.

आज पहाटेआधी तहान लागली म्हणून उठले, माठापाशी गेले, तांब्या घेतला, पाणी प्यायले, परत येऊन झोपले. सकाळी लक्षात आलं, दिवा लावलाच नव्हता. कुठं ठेचकाळले नाही, चाचपडले नाही. डोळे सुधारतायत की काय! वेडी आशा आहे, पण दिवसभर गुणगुणत होते.

१९ नोव्हेंबर

दुपारी बिळांकडून परतले, तर मागच्या खिडकीलगतच्या फळीवर यंत्र उलटं ठेवलेलं सापडलं. मी तसं ठेवत नाही. खिडकीचा गज सैल आहे, तो वाकवलेला.

आत नवी चित्रफीत. रात्रभराची. कुणीतरी माळवदावर बसून यंत्र धरलंय, चित्र हलतंय, मावशींचा श्वास ऐकू येतो. मधूनच त्या कुजबुजतात, ये रे राजा, ये.

तो टाकीपर्यंत आलाय. पाठीमागं डोळेच डोळे, सगळा उतार भरून. हरवलेलं मेंढरू एकच होतं ना?

मावशी त्याला दबक्या आवाजात नावानं हाका मारतात. तो त्यांच्याकडं बघत नाही. खाली बघतो. माझ्या दाराकडं.

'ज्यानं दिवा लावला त्याच्याच जवळ'. पहिल्यांदा मी लावला होता.

चित्रफीत पाहीपर्यंत शेवटची जीप निघून गेली. चालत जायला उजेड पुरणार नाही. उद्या सकाळच्या जीपनं जाते. नोकरी गेली खड्ड्यात. दादाचं दुकान, गल्ला, तो म्हणेल तो मुलगा, सगळं चालेल. बॅग भरली. यंत्र पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

रात्र

वीज गेली. मोबाईलवर थोडी बॅटरी. त्याच्या उजेडात लिहितेय.

बाहेर पळता येत नाही. दारापुढं चार पावलं टाकली तरी मी टाकीवर आपटेन. मामा तेलगावला पाहुण्यांकडं गेलेत, त्यांना फोन लागत नाही. वाड्यातली मेंढरं एकदम गप्प झाली. कुत्रीही.

माळवदावर पावलं वाजली. मावशी. हाक मारली तर म्हणाल्या, भिऊ नगं माय, मी कंदील लावलाय, लाल फडकं बांधून. म्या आता झोपत न्हाई.

ओरडले. मावशी, विझवा! माझ्यासाठी विझवा! त्या म्हणाल्या, आज न्हाई.

मोबाईल गेला

काळोख. अक्षरं एकावर एक पडत असतील. पडू देत. हात थांबला तर मी ओरडत सुटेन.

मावशी उतरल्या. शिडी वाजली. हसतायत. आलास का रे बाळा. आलास का.

आता हसणं थांबलं.

म्हणतायत, आरं मी हितं हाय. हिकडं. माझ्याकडं बघ की. सोमा, मी हाय, तुजी आई—

रडतायत. तो थांबत नाही म्हणे.

कडी वाजली नाही. दार उघडलं नाही. मेंढरांचा वास. ओल्या लोकरीचा, खाणीतल्या पाण्याचा—

मला वही दिसतेय.

वीज नाही, मोबाईल नाही. तरी ओळी दिसतात, माझी वेडीवाकडी अक्षरं, माठ, फळी, पेटीचं कुलूप. सगळं पांढुरकं, खरखरीत, यंत्रात दिसतं तसं. लहानपणापासून अंधारात मला कधीच काही—

आई गं, मला दिसायला नको आहे—

खाटेच्या कडेला घोंगडं. तो वाकतोय. तोंड उघडतोय, आता तो म्हणेल, आ