चाकं जमिनीवर असताना

३ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही म्हणून रुसले नाही, पण चैनही पडत नाही. गुडघा कसा आहे?

धाकट्याचं प्लास्टर निघून महिना झाला, तरी मनगट आखडतं. दिवसभर माझ्या गॅलरीत रस्त्याकडे पाठ करून बसतो. त्याची लाल टू-सीटर माझ्या वर्कशॉपमध्ये उभी आहे, तिच्याकडे फिरकत नाही. म्हणतो, ताई, विकून टाक, मला स्टिअरिंग धरायचं नाही. पंधरा तारखेला, शनिवारी, गिऱ्हाईक येतंय. चढाच्या शर्यतीत चौथ्या वळणावर गाडी गवताच्या भाऱ्यांत घुसली, त्याचं त्याला एवढं नाही. तुम्ही सगळ्यांदेखत ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणालात, ते लागलंय. तीन महिने तुम्ही दोघं बोलला नाहीत.

चेपलेला पत्रा सरळ करून काल मी ती चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी जाते. वळण आलं की आधी अंग चोरते, मग एकदम झेपावते, आणि वळण संपलं तरी बसत नाही. डावीकडे एक तऱ्हा, उजवीकडे दुसरी. चाकं धरणाऱ्या दांड्यांमधले रबरी बुश तुम्हीच बदलले होते ना? कसे बसवले ते नीट आठवून लिहा. रागावू नका.

लोभ आहे तो असाच राहू द्या.
ताई

७ फेब्रुवारी

चि. ताईस अ. आ.

तुझं पत्र वाचून सकाळपासून घरात येरझारा घालतोय. आई म्हणते, फरशी झिजेल. बुश कसे बसवले हे मला विचारतेस? मी डेपोत बसगाड्यांखाली आडवा व्हायचो तेव्हा तू रांगत होतीस. पोरांनी बापाचा कान धरायचे दिवस आले म्हणायचे.

तर ऐक. गाडी चार स्टँडवर चढवली, चाकं लोंबती सोडली, बुश दाबून बसवले आणि एकेक बोल्ट स्वतः पिळला. माझा नियम तुला पाठ आहे, गाडी खाली उतरण्याआधी एकही बोल्ट सैल राहता कामा नये. डेपोतल्या माझ्या जोडीदाराने एकदा खाली उतरवून पिळू म्हणून एक बोल्ट सोडला, चहाला गेला आणि विसरला. पुढच्याच उतारावर चाक निघालं. माणसं वाचली, पण त्याने पुन्हा पाना धरला नाही.

धाकटा टॉर्च धरून होता. म्हणे पुस्तकात लिहिलंय, शेवटचं पिळणं चाकं जमिनीवर असताना करायचं. मी म्हटलं, पुस्तक लिहिणारे गाडीखाली झोपत नाहीत. तेव्हा बुशचं खुसपट काढू नकोस. त्याचा हात कच्चा होता, झालं.

गुडघा ठीक. तो नीट जेवतो का तेवढं कळव. मी विचारलं असं सांगू नकोस.

कळावे, जीव तिकडेच आहे.
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

खुसपट नाही, बाबा. तुमचं पत्र वाचलं आणि तशीच गाडीखाली गेले. पुढच्या दोन बुशचं रबर एका अंगाने फाटलंय.

बोल्ट पिळला की बुशच्या आतली नळी जागच्या जागी आवळली जाते. मग दांडी वर-खाली झाली की रबर पिळवटतं. चाकं लोंबत असताना आवळलं तर गाडी नुसती जमिनीवर उभी राहिली तरी रबराला पीळ पडलेला असतो, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. ते सुटायला बघतं आणि गाडीला वर ढकलत राहतं. चौथ्या वळणावर उंचवटा होता. तिथे कुणाचाही हात असता तरी तेच झालं असतं.

पुढे नवे बुश घातले, मागचे सैल केले. गाडी चाकांवर उतरवली, सीटवर दोन माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवली, हलवून बसू दिली आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरून मग सगळे पिळले. तुमच्या नियमाचा मान म्हणून, बोल्ट सैल असल्याची खूण अशी लाल चिंधी स्टिअरिंगला बांधली होती, शेवटचा बोल्ट होईपर्यंत सोडली नाही. आता ती वळणात निमूट बसते.

एक कबुली द्यायची आहे. इथे कामाला लागल्यावर मीही तुमच्याच नियमाने बुश पिळले होते. दोन गाड्या परत आल्या, फोरमनने सगळं उघडायला लावलं. लाजेपोटी तुम्हाला लिहिलं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर धाकट्याचं मनगट वाचलं असतं. ते मला खातंय.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. ते तुमच्याकडून यायला हवं. गिऱ्हाईक शनिवारी दहाला येणार.

माया कमी करू नका.
ताई

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

हे चौथं पत्र. तीन फाडली.

ताईने तुझी गाडी उघडून पाहिली. बुश मी चुकीचे पिळले होते, त्यामुळे ती वळणात बसत नव्हती. घरच्या गाडीचेही मीच तसे पिळले होते. आठ वर्षं आई म्हणतेय की या गाडीत मळमळतं, आणि मी रस्त्याला शिव्या घालतोय. काल गाडी फळ्यांवर चढवून, चाकांवर उभी ठेवून, सगळे बोल्ट सैल केले आणि पुन्हा पिळले. आईला बाजारापर्यंत नेऊन आणलं. येताना तिला डुलकी लागली.

तू बरोबर सांगितलं होतंस, टॉर्च धरून, दोनदा. मी ऐकलं नाही आणि वर चारचौघांत तुलाच बोललो. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मी केलं होतं. हे त्याच चारचौघांपुढे सांगेन, तू म्हणशील तेव्हा. गाडी विकायची तर वीक, पण हात कच्चा म्हणून विकू नकोस.

चुकलेल्या बापावरही लोभ ठेव.
बाबा

१६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

गिऱ्हाईक आलं होतं. मी किल्ली सोडेना, म्हणून ताईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग आम्हीच त्या शर्यतीच्या चढावर गेलो. मनगट साथ देत नाही, म्हणून क्लच मी दाबायचा आणि गिअर ताईने टाकायचा. तिने दोनदा चुकीचा टाकला, आणि वर मलाच ओरडली. चार वळणं घेतली. चौथ्याला मी आधीच ब्रेककडे पाय नेला. तो दाबावा लागला नाही.

चारचौघांत काही सांगू नका, पत्र पुरे आहे. मागचे बुश पीळ खाऊन कडक झालेत, ते बदलायला पुढच्या महिन्यात गाडी घेऊन घरी येतोय. चिंधी मी आणतो. बोल्ट मी पिळीन, टॉर्च तुम्ही धरा.

आईला नमस्कार.
तुमचा,
धाकटा