डाव्या पात्याची खाच

अण्णा,

स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. गोलचे दोन सांगाडे, एक इंची पाइपचे, कोपरे वाकवून, वेल्डिंग माझं. त्यांच्या जाळ्या नायलॉनच्या दोरीच्या, प्रत्येक गाठ माझी. गोलकीपरच्या पायांचे पॅड, आत स्कूटरच्या जुन्या सीटांचा फोम, वर रेक्झिन, शिलाई आईच्या मशीनवर. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते. त्या चकत्या मी एका कारखान्यातल्या भंगार रबरी पट्ट्यातून कापल्या. कारेलीबागेतल्या स्केटिंग रिंकचा लाकडी कठडा, त्याला आतून कुठंही खिळ्याचं डोकं वर नाही, हात फिरवून बघावा. आणि बर्फावरच्या बुटांची पाती. पात्यांपाशी मात्र 'माझ्या हातांनी' म्हणताना मी अडखळतो. ती अर्धी तुमची.

तुम्ही प्रतापनगरच्या वर्कशॉपात रेल्वेची झिजलेली चाकं लेथवर पुन्हा गोल करायचात, आणि मी क्वार्टर्समधल्या सिमेंटच्या रस्त्यावर पायाला चाकं बांधून दिवसभर फिरायचो. शेजारचे काका कंपाउंडमधून ओरडायचे, "केम भाई, तमारो छोकरो हजी लपसे छे?" तुम्ही सायकल उभी करता करता म्हणायचात, "लपसतोय. पडेल तेव्हा थांबेल." मला रेल्वेचं अप्रेंटिसचं बोलावणं आलं आणि मी त्या दिवशी राजकोटला चाकांवरच्या हॉकीची मॅच खेळायला गेलो, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. जेवताना ताटाकडे बघत एवढंच बोललात, "चाकांवर पोट भरतं रे. पण ती रेल्वेची चाकं. ही तुझी नव्हेत." ते वाक्य मी बरीच वर्षं चघळलं.

मला कुणी शिकवलं नाही हे तुम्हाला माहीतच आहे. शिकवणारा कोणी बडोद्यात नव्हता. लायब्ररीतल्या एका इंग्रजी पुस्तकातले फोटो बघून मी गुडघे किती वाकवायचे ते ठरवलं, आणि ते बरोबर निघालं. राज्याच्या संघात आलो. मग कळलं की चाकांवर खेळणाऱ्यांना हिवाळ्यात लेहला नेऊन गोठलेल्या तळ्यावर, खऱ्या बर्फावर खेळवणार आहेत. विकतचे बूट परवडणारे नव्हते. मी मोठ्या करवतीचं जाड पोलाद आणलं, पाती कापली, बुटांच्या तळाला कशी बसवायची ते कागदावर काढलं. तुम्ही ते सगळं खुर्चीवरून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाती जागेवर नव्हती. संध्याकाळी तुम्ही डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बाहेर काढता, ओट्यावर ठेवता आणि म्हणता, "घे. धार लावून आणलीय. केस ठेव, कापेल." आईनं खरंच डोक्याचा एक केस काढून त्यावर ठेवला. कापला.

लेहला पहिल्या सकाळी मी उभा राहिलो आणि पडलो. परत उभा राहिलो, परत पडलो. तिथला एक आडव्या अंगाचा खेळाडू आला, घोड्याचा खूर उचलावा तसा माझा पाय उचलला आणि त्यानं मित्रांना हाक मारली, "इधर आओ, ये भाई सब्ज़ी काटने आया है." सगळे हसले. मग तो शेजारी बसला आणि त्यानं स्वतःचं पातं दाखवलं. त्याला सुरीसारखी धार नव्हतीच. पात्याच्या तळाला मधोमध लांब खाच, पन्हळीसारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. कुठल्या कडेवर उभं राहायचं त्यावर वळणं, त्यावरच थांबणं. त्याचे जुने बूट मला मोठे होत होते. ते घालून खेळलो आणि आम्ही एकूण एक सामने हरलो.

घरी आलो तो प्रसंग मला अजून दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलाय, आई भाकरी थापतेय. मी म्हणतो, "अण्णा, त्याला धार नसते. खाच असते." तुमचा घास हातातच राहतो. "म्हणजे उलटं?" "उलटंच." आई तव्याकडे बघत म्हणते, "दोघांतल्या एकानं तरी कुणाला विचारायचं. पण नाही, विचारलं तर नाक कापलं जातं." आणि तुम्ही हसता. आमटी नाकात जाईपर्यंत हसता. घरात तुम्ही असे हसलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

त्या रविवारी आपण दोघं ओट्यापाशी बसलो. तुम्ही धार लावायच्या दगडाची कड घासून गोल केलीत आणि तिनं खाच काढायला घेतलीत. मी वरून पाण्याचे थेंब सोडत होतो. उजवं पातं झालं, ते इतकं सरळ की आजही कुठल्या मशीनला जमणार नाही. डाव्याला दुपार कलली होती. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, हे आपल्याला नंतर कळलं.

त्या पात्यांवर मी सगळे हिवाळे खेळलो. बचावाला उभा राहायचो. समोरच्याला आधी जाऊ द्यायचं आणि मग वाटेत उभं राहायचं, हे मला येत होतं. एकदा देशाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तिथला कोच एकेकाला जोरात धावायला लावून शिट्टी वाजवायचा, एकदा डावीकडे वळून थांबायचं, एकदा उजवीकडे. डावीकडे मी जागच्या जागी थांबलो. उजवीकडे वळलो की घसरत पुढं जायचो, दर वेळी. संघात नाव आलं नाही. मी घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "त्याला चहा दे आधी."

उजवीकडे वळून थांबायचं तर सगळा भार डाव्या पायाच्या आतल्या कडेवर येतो. तुम्ही गेल्यानंतर एकदा मी ती पाती काढून नीट मापली. डाव्याची खाच मधोमध नव्हती, अर्धा मिलीमीटर आत सरकली होती, आणि ती आतली कडा तेवढी खाली बसली होती. तोवर माझ्याकडे चांगले विकतचे बूट आले होते, पण पाय एकदा शिकला की शिकला. त्या कडेवर विश्वास ठेवायचा नाही हे माझ्या डाव्या पायानं पाठ केलं होतं. तुम्हाला बोल लावत नाही. तिथं पाणी सोडत मीच बसलो होतो, आणि माझे डोळे चांगले होते.

आता मी शिकवतो. सकाळ-संध्याकाळ, सिमेंटवरच. आयांना वाटतं सर कडक आहेत. "सर, आ पडी जशे तो?" म्हणतात. मी म्हणतो, पडू दे. दहावी आली की ट्यूशन लागते आणि मुलं यायची बंद होतात, पुढच्या वर्षी दुसरी येतात. तुमची सून कॅनडात मुलाकडे गेलीय, नातवासाठी. मुलगा फोनवर म्हणतो, "पपा, इथं घराच्या मागंच बर्फ असतो, तुम्ही या ना." येईन म्हणतो. मग गॅस बंद आहे का बघतो, रेडिओ लावतो आणि उद्याची स्केटं दुरुस्त करायला बसतो.

गेल्या महिन्यात दिल्लीकडून फोन आला. तिथं बंदिस्त जागेत नवीन बर्फाचा रिंक झालाय, बारा महिने बर्फ. "सर, सीमेंट से बर्फ पर आनेवाले बच्चों को आपसे अच्छा कौन समझेगा?" मुख्य कोच म्हणून बोलावत होते. मी दोन दिवस मागून घेतले. रात्री स्वयंपाकघरात मोजे घालून फरशीवर उजवीकडे वळून पाहिलं, या वयात. मग नाही म्हणून कळवलं. घरच्यांना फोनवर आणि इथं रिंकवर सांगितलं की इथली मुलं सोडून कसा जाऊ. सगळ्यांना ते पटलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हात जोडले. खरं असं की जे माझ्या एका पायाला येत नाही ते मी दुसऱ्याच्या मुलांना बर्फावर उभा राहून शिकवणार नाही. माझं बघून मुलं थांबायला शिकतील आणि माझ्यासारखीच घसरतील.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, तेव्हा उरलेलंही लिहितो. नाही म्हणून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, मी त्यांना विचारलं, "नेटवर्क ठीक नहीं है, कितना बोला था आपने?" नेटवर्क चांगलं होतं. पहिल्यांदा ऐकू आलं होतं. पण घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि तो आकडा कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवा होता. महिना पंच्याऐंशी हजार, राहायची सोय वेगळी.