तुझ्या नावावर मागितलेले कान

आई, तुझ्या नावावर मी एक खोटं बोलले आहे, आणि ते तुलाच सांगायला बसले आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही. तू असतीस तर लिहावं लागलं नसतं. ओरडून सांगावं लागलं असतं, आणि छावणी भागातल्या आपल्या अर्ध्या गल्लीला कळलं असतं.

तसं एकदा कळलंच होतं. तू गिरणीत उभी आहेस, दळणाचे डबे रांगेत आहेत, आणि मी नुकतीच कानाची डॉक्टर झालेली, अंगात नवं वारं. आम्हाला शिकवलं होतं की ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची इवलीशी जागा कवटीच्या सगळ्यात कठीण हाडात बंद असते, जिवंत माणसात ती उघडून बघता येत नाही. बहिरेपण का आलं, चक्कर का येते, हे नीट बघायचं तर माणूस गेल्यावर ते हाड कुणीतरी द्यावं लागतं. मला पहिले तुझेच कान आठवले. बाबा गेल्यानंतर तू त्या गिरणीपाशी उभी राहिलीस ती पार ऐकू येईनासं होईपर्यंत. मी विचारलं, तुला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मग पट्टा थांबला आणि नेमकी त्याच क्षणी मी किंचाळत होते, "मेल्यावर तुझे कान देशील का?" डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "जित्यापणी देलेच की या गिरणीला. मेल्यावर तरी माझ्यापाशी राहू दे." पुढं कितीतरी दिवस तू माझ्याशी ताटातूनच बोलत होतीस, भाकरी आपटायची आणि पाठ फिरवायची. पहिल्या पगारातून मी तुला कानाचं मशीन आणलं, तर "यात गिरणीच जास्त ऐकू येती" म्हणून तू ते तिखटाच्या डब्याशेजारी ठेवून दिलंस. तू गेलीस तेव्हा मी तुझा शब्द पाळला. कानांसकट पोचवलं तुला. आयुष्यात तुझं जे काही ऐकलं, त्यात हे एक.

आता माझे केस पांढरे झालेत आणि आमच्या दवाखान्यात अशा हाडांचा साठा उभा राहतो आहे. एकेका डॉक्टरनं दोन हाडं आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली तर कुणाचंच भागत नाही. त्यांचे बारीक काप काढायचे, माणसाच्या तपासण्यांची माहिती जोडायची आणि ज्या कॉलेजला हवेत त्याला द्यायचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून शिकायचं. यासाठी मी किती दारं वाजवली, काय सांगू! "मॅडम, मेलेल्यांवर कशाला खर्च? जिवंतांना मशिनी घ्या," हे ऐकून ऐकून माझेच कान किटले. शेवटी सरकारी निधी मिळाला. काप काढायचं यंत्र आलं, कपाट आलं, काम शिकलेली मुलगी आली. आणि घोडं अडलं ते हाडांपाशी. कान द्यायला कुणी तयार होईना, आणि काम सुरू झालं नाही तर निधी परत जाणार होता.

बिडकीनच्या बाजूचे एक मेंढपाळ आजोबा वर्षानुवर्षं माझ्याकडे येत. चक्कर आली की मेंढरांतच बसून घेत आणि म्हणत, "आभाळ फिरायलंय, थांबू द्या त्याला." त्यांची प्रत्येक तपासणी माझ्याकडे आहे. ते आमच्याच दवाखान्यात हृदय बंद पडून गेले. मी त्यांच्या बायकोला बाहेर बाकावर गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. चेहऱ्याला काही होत नाही, हेही. तेवढं खरं होतं. मुलगा नको म्हणत होता. म्हातारीनं त्याला हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी देलंय का, मॅडम?" रास्त प्रश्न होता, आई. तेलवाल्यालासुद्धा माणूस विचारतो, तू घरी हेच खातोस का म्हणून.

मी म्हणाले, "व्हय. माझ्या आईनं."

एरवी मी 'हो' म्हणते. तुझं 'व्हय' कॉलेजात गेल्यावर मी सोडलं होतं, लोक हसतात म्हणून. त्या दिवशी ते बरोबर कामाला आलं. तिचा चेहरा सैल झाला. "आईनं देले? मंग घ्या. लेकीच्या हाती आईनं कान देले, तर म्या काहून भ्यायचं?" आणि तिनं कागदावर अंगठा उमटवला.

सगळे विधी उरकून मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली. घरच्या लोकरीचा, हातभर घोंगडीचा तुकडा घेऊन. "तुमच्या आईला," म्हणाली. "दवाखान्याच्या कपाटात गार असंल. आमच्या म्हाताऱ्याला थंडीची सवय हाय, तुमच्या आईला नसंल. दोघांला शेजारी ठेवा, म्हंजी लई एकटं वाटायचं नाय." मी तो तुकडा घेतला. आईला आवडेल, असंही म्हणाले. लाज कशाला म्हणतात ते मला त्या घटकेला कळलं, तरी हात पुढे झालाच. तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मी खण उघडत नाही.

हाड अजून द्रावणात मऊ होतं आहे. त्याला महिने लागतात. काप निघून गावोगाव गेले की परत द्यायला काही उरणार नाही. तोवर तिला खरं सांगता येईल आणि तिला 'नको' म्हणता येईल. तो तिचा हक्क आहे. परवा मी बिडकीनच्या गाडीत बसलेही. वाटेतच चितेगावला उतरले आणि पलीकडच्या बाजूनं परतीची गाडी धरली. तिचं मन दुखेल म्हणून परत आले, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते.

हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तिच्या मनाचं काही नव्हतं, आई. ती 'परत द्या' म्हणाली असती, आणि मला ते हाड द्यायचं नाही.