रकाना पन्नास

सोमवार, ९ ऑगस्ट १९७१
कारखान्याच्या मशीन-रूमची खुर्ची तपनला. सान्यालसाहेबांचा जावई! ज्या खोलीत मी झाडू मारायला लागलो, कार्डांना आकड्यांची भोकं पाडायचं पंचिंग शिकलो, कामगारांची सगळी कार्डं बसवली, तिथे आता त्याला 'सर' म्हणायचं. प्लायवुडच्या पार्टिशनमागून साहेबांचा आवाज: "मराठी लोकटा मेशिन भालो चालाय, किंतु ओके चेयार देबो?" मशीन चांगलं चालवतो, पण म्हणून खुर्ची द्यायची? आणि हसणं. बाहेर येऊन मला, "शिंदेबाबू, आपनि तो घरेर लोक!" मीही हसलो. बढतीची मिठाई म्हणून दोन संदेश खाल्ले. चव लक्षात ठेवलीय.

बुधवार, ११
तपन विचारतो, "शिंदेदा, कुठला रकाना कशाचा?" कार्डांवर रकान्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. नावं माझ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर, पेन्सिलीने. कार्डाला लावायची, वाचायचं. म्हटलं, "मॅन्युअलमध्ये आहे सगळं, सर." खोटं नाही. मॅन्युअल जुनं, एवढंच. पट्टी डब्याच्या पिशवीत.

गुरुवार, १२
कामगारांचे क्वार्टर्स बदलले. प्रत्येकाच्या कार्डावर लाइनचा, म्हणजे खोल्यांच्या रांगेचा, नवा आकडा चढवायचा. तपनने पन्नास नंबरच्या रकान्यात चढवला. मॅन्युअलप्रमाणे बरोबर. पण गेल्या साली मीच क्वार्टर चौपन्नात हलवलं. पन्नासात आता नोकरी. तिथे नऊ म्हणजे नोकरी सुटली, बाकी सगळे आकडे कामावर.
दुपारी कार्डं सॉर्टरवर, पन्नासातल्या आकड्याप्रमाणे खणाखणांत पडायला. मी पाठमोरा, चहा घेत. नऊचा खण एरवी मुका. आज थपथप, थपथप. अख्खी नऊ नंबर लाइन घरी बसली!
"ठीक आछे, दादा?"
"खूब भालो, सर."
सोमवारची गेटची यादी याच कार्डांवरून. यादीत नाव नाही, तर दरवान आत सोडत नाही. या मग सान्यालसाहेब, जावयाला घेऊन, माझ्या स्टुलापाशी.

शुक्रवार, १३
जेवताना ही म्हणाली, "स्वारी खुशीत?" सांगितलं. ऐकून घेतलं तिने. वाढता वाढता, "हलदारदा कुठल्या लाइनीत गेले हो?"
नऊ. ज्यांनी माझा हात धरून पंचिंग शिकवलं ते. डोक्यातच आलं नव्हतं. भात तसाच.

शनिवार, १४
यादी छापून झाली. हलदारदांना चहाच्या टपरीवर गाठून सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवून. ते मिशीत हसले. "थाकते दाओ, राहू दे तशीच! मी स्वतः गेटवर उभा राहतो. बघू सान्याल काय तोंड दाखवतो." पाठीवर थाप. वाटलं, जिंकलो.
तेवढ्यात मागच्या बाकावरचं कानावर आलं. नऊ नंबरचाच एक नवा बदली कामगार, सोबत्याला सांगत होता, आणखी एक खाडा झाला की काढणार आहेत म्हणून. "सोमवारी ताप असला तरी येतो बाबा."
हे कान एक मेले.

सोमवार, १६, पहाटे
हलदारदा हो म्हणाले. त्या बदली कामगाराला कुणी विचारलंय?
पण ते पार्टिशनमागचं हसू. अजून जात नाही. आता पट्टी तपनला दिली तर यादी सुधारेल, पण संध्याकाळपर्यंत 'तपनने चूक पकडली' होणार, संदेश वाटणार.
ही डबा भरतेय.  पट्टी पिशवीतून काढून खिशात घातली, ते पाहिलं तिने.
पहिल्या भोंग्याआधी पोचायचं. गेटवर आधी सान्यालची गाडी दिसते की तो तापाचा माणूस, त्यावर पट्टी खिशातून निघेल की नाही ते ठरेल.