बाबांची पावसाळी पॅन्ट

प्रिय चिखल्या,

तुझा मेसेज मिळाला. इतक्या महिन्यांनी आला, तोही पॅन्टसाठी. मित्रांबरोबर डोंगरात सायकली घेऊन निघालायस, तिकडे पाऊस मी म्हणतोय, वॉटरप्रूफ पॅन्ट कुठली घ्यावी कळत नाही, आणि बाबांची तशीही नुसती पडून असेल तर तीच कुरिअर कर म्हणे. मी स्क्रीन खाली सरकवत राहिले. वाटलं, शेवटी कुठेतरी बाबा कसे आहेत असं विचारलं असशील. नव्हतं. त्यांचं उजवं अंग लुळं पडल्यापासून तू एकदाच येऊन गेलास, तेही बूट न काढता.

असो. आधी निवडायची कशी ते सांगते. तुझ्या बाबांनी त्या विषयावर माझं इतकं डोकं खाल्लंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. आरशासमोर उभं राहून पॅन्ट घ्यायची नाही. सायकल काय उभ्याने चालवतोस? दुकानात स्टुलावर बसायचं, गुडघे वर घ्यायचे, पुढे वाकायचं. मागून कंबर उघडी पडली की ती पॅन्ट परत ठेवायची, मग रंग कितीही झकास असो. तुझी पहिली पॅन्ट तू आरशात बघून आणलीस, ऐटीत निघालास आणि मागच्या चाकाचा सगळा चिखल कमरेतून आत भरून घेऊन आलास. त्या दिवसापासून तू चिखल्या. बाबा हसून हसून दाराला टेकले होते, आठवतंय का तेवढं तरी?

बुडाला आणि गुडघ्यांना दुहेरी कापड हवं. शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या हव्यात, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. घोट्याशी पट्टा हवा, सैल पाय चेनमध्ये अडकला तर आपटशील. मांडीला हवेसाठी झिप बघ, नाहीतर घामानेच आतून भिजशील. आणि धुताना ते कपडे मऊ करणारं वासाचं पाणी घालू नकोस. मागची तू तशीच वाया घालवलीस, थेंब ओघळायचे सोडून कापडात मुरायला लागले.

घरी आणल्यावर बाबांची परीक्षा असायची. नवी पॅन्ट चढवून ते बाथरूममध्ये स्टुलावर बसायचे, हवेत पेडल मारायचे आणि मी वरून मगाने पाणी ओतायचं. तू दारात उभा राहून खिदळायचास. आत थेंबभर ओल लागली तरी पॅन्ट दुकानात परत. दुकानदार तर बाबा दिसले की आत जाऊन लपायचा.

त्यांना असं बघवत नाही म्हणालास मागे फोनवर. वा रे वा! डोंगराचे कडे बघवतात, बाप बघवत नाही. मला काय बघायला मजा येते? मला राग येतो तुझा, चिखल्या. भाजी चिरतानाही येतो.

आता त्या पॅन्टचं. मी ती पाठवणार नाही. ती पडून नाहीये. रोज सकाळी मी ती घालते, खाली दुमडून, कमरेला नाडी आवळून. बाबांना त्याच स्टुलावर बसवते आणि आंघोळ घालते. ते उजवीकडे कलतात, मग ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्यांना धरून ठेवावं लागतं. आधी मी रोज चिंब व्हायची, सर्दी हटत नव्हती, तेव्हा त्यांनीच डाव्या हाताने कपाट दाखवलं. बोलता येत नाही त्यांना. पण मी पाणी ओतते तेव्हा ते माझ्या मांडीकडे बघत राहतात, थेंब ओघळतो का ते. ओघळला की मान हलवतात. पॅन्ट अजून टिकून आहे, माझे गुडघे मात्र गेले. डॉक्टरांनी खाली बसायची साफ मनाई केलीय आणि काल मला बाबांना घेऊन उठताच येईना, दोघंही फरशीवर बसून राहिलो, शेजारीण येईपर्यंत. म्हणून हे पत्र. पॅन्ट हवी असेल तर घरी ये. बूट काढ, ती पॅन्ट घाल, स्टुलाजवळ गुडघे टेक आणि बाबांना आंघोळ घाल. मग खुशाल डोंगरावर घेऊन जा.

तुझीच, अजून तरी,
आई