मालतीच्या मनगटाची केस

१९ फेब्रुवारी १९४९, रात्री
आज आबिड्सला मोटारीचा अपघात. मी सुखरूप. मालतीचं उजवं मनगट मोडलं.

हकीकत नीट लिहून ठेवतो, पुढे कोर्टात लागेल. संध्याकाळी सहाचा सुमार. मी सायकलवर, पत्नी मालती मागे कॅरियरवर. समोरच्या फुटपाथवर हिम्मतराव वकील दिसले. म्हटलं, घरमालकाच्या नोटिशीचं एक वाक्य विचारून घ्यावं. म्हणून सायकल किंचित उजवीकडे घेतली. किंचितच. मागून सिकंदराबादच्या एका ठेकेदाराची मोटार आली आणि धडकली. ड्रायव्हर उतरून माझ्यावरच ओरडला, हात कैकू नै दिखाये मियाँ? हात दाखवत बसलो असतो तर हिम्मतराव निसटले असते. (हे कोर्टात सांगायचं नाही.)

गर्दी पाहून हिम्मतराव निसटलेच. नोटिशीचं राहिलं.

२० फेब्रुवारी
प्लास्टर घातलं. सहा आठवडे. डॉक्टरांनी बजावलं, या हाताने काडीचं काम नको, नाहीतर हाड वाकडं जुळेल. मालतीने एकच विचारलं, जूनपर्यंत खडू धरता येईल का? कुसुमताईंनी आपल्या कन्याशाळेत तिला जूनपासून कायम करायचं कबूल केलंय. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतलीत तर येईल.

काळजी मी घेणार! ठेकेदाराकडून हर्जाना वसूल केल्याशिवाय नावाचा दिगंबर नाही.

संकल्प: वकिलाच्या ऑफिसची पायरी चढायची नाही. तिथे खुर्चीत टेकलं की फी सुरू. वकील बाहेर गाठावा. आपल्या लोकांत घरटी एक वकील आहे, देवाची कृपा, तो काय चाटायचाय?

२२ फेब्रुवारी
ठेकेदार स्वतः घरी आला होता, फळांची करंडी घेऊन. दवाखान्याचा सगळा खर्च करतो म्हणत होता. मी दारातूनच घालवलं. विरुद्ध पक्षाशी बोलू नये, एवढा कायदा मला वकिलावाचून कळतो. मालती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. तिला कायद्यातलं काय कळणार!

६ मार्च
बरकतपुऱ्यात लग्न. नवरीच्या मामाला उठवून पंगतीत हिम्मतरावांच्या शेजारचं पान पटकावलं. दावा कुठे लावावा, मुदत किती, रक्कम किती मागावी, सात प्रश्न विचारले. मग आठवलं, हिम्मतराव जेवताना मौन पाळतात. तरी मुदतीच्या प्रश्नाला त्यांनी एक बोट वर केलं. म्हणजे एक वर्ष! भरपूर वेळ आहे. वाढप्याने त्या बोटावर त्यांना आणखी एक जिलबी वाढली, तो भाग निराळा.

मालतीला लग्नाला नेलं नाही. हाताला विश्रांती हवी. घरी तिने धुणं उरकलं म्हणे.

१५ मार्च
बाई लावावी म्हणून मालती दुसऱ्यांदा म्हणाली. म्हटलं, लावू, हर्जाना आला की दोन लावू.

३० मार्च, पाडवा
आजचा दिवस सोन्याचा. हिम्मतरावांना घरी जेवायलाच बोलावलं. नल्लकुंट्याला आमच्याकडे इतक्या लांब एकटे कसे येणार, म्हणून त्यांनी पाच जण बरोबर आणले. पुरणपोळ्या. मालतीने प्लास्टरच्या हाताने लाटणं दाबून धरलं नि डाव्याने लाटल्या. बाईमाणूस मनात आणलं तर काय करणार नाही! सगळ्यांनी वाहवा केली. मला खरोखर अभिमान वाटला.

जेवण होऊन पान लागल्यावर हिम्मतरावांचं मौन सुटलं. म्हणाले, पोलीस ॲक्शन होऊन जुनं राज्य गेल्यापासून इथला कुठला कायदा राहील नि कुठला जाईल, मलाच कळत नाही. थांबा. मग विचारलं, सायकलवर डबलसीट होतात का? दिवा होता का? वळताना हात दाखवलात? मी घाईघाईने आणखी एक विडा पुढे केला.

निष्कर्ष: केस भक्कम आहे. थांबायचं.

४ एप्रिल
प्लास्टर काढलं. मनगटाला बाहेरून उंचवटा आलाय. डॉक्टर माझ्यावर ओरडले, हिच्याकडून काम करून घेतलंत काय? मी म्हटलं, छे.  आता रोज दोन वेळा गरम पाण्यात हात धरायचा आणि दुसऱ्या कोणीतरी एकेक बोट धरून हलवायचं, महिनाभर.

संकल्प: हे काम माझं. उद्यापासून.

५ एप्रिल
उद्यापासून. आज सकाळी बाग गाठायची होती. मुकुंदराव वकील तिथे फिरायला येतात. मुंबईला शिकलेले, इंग्रजी कायद्याचे.

१२ एप्रिल
मुकुंदराव अखेर सापडले. चालतात कसले, धावतात! मी मागून ओरडून हकीकत सांगितली. तिसऱ्या फेरीला माझा दम लागला. मुकुंदराव म्हणाले, दावा तुमचा नव्हे, जिचा हात मोडला तिचा. त्यांनाच विचारायला हवं. ऑफिसला घेऊन या त्यांना.

ऑफिसला! ओळखला डाव. असल्या जाळ्यात हा दिगंबर सापडायचा नाही. मालतीला गंमत म्हणून सांगितलं. तिने मुकुंदरावांचं ऑफिस कुठे आहे ते विचारलं. म्हटलं, आबिड्सला, पोस्टाच्या मागे. हसायला हवं होतं, हसली नाही.

बोटांचा व्यायाम: उद्यापासून नक्की.

२ मे
कालपासून मालती दुपारी कुसुमताईंबरोबर बाहेर जाते. शाळेचं काम असेल. बरं झालं, तिचा जीव रमतोय. मी हर्जान्याच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतलाय. ‘मी, अर्जदार’ इथपर्यंत झालाय.

१९ मे
हिम्मतरावांना आंबे पोचवले. म्हणाले, थांबा.

व्यायामाचा महिना उलटून गेला. मालती एकटीच, डाव्या हाताने उजव्याची बोटं हलवते असं आज दिसलं. छान सवय लावून घेतलीय.

१३ जून
शाळा उघडली. मालती दुपारीच परतली. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि खडू हातातून गळाला, पुन्हा धरला, पुन्हा गळाला. पोरी हसल्या नाहीत, गप्प बसल्या, ते जास्त लागलं म्हणाली. कुसुमताई रडल्या, पण कायमची जागा दुसऱ्या बाईंना द्यावी लागली. कमिटीचं म्हणणं, फळ्यावर लिहिता यायला हवं.

मालती जेवली नाही. मी समजूत घातली, वेडे, आता तर नुकसान कायमचं ठरलं, हर्जाना दुप्पट! आपली बाजू याहून भक्कम काय असणार? ती उठून माजघरात गेली.

बायकांना दूरचं दिसत नाही.

९ जुलै, संध्याकाळी
आज दारात कोर्टाचा बेलिफ. मी मनात म्हटलं, आली वाटतं ठेकेदाराची शरणचिठ्ठी. सही करून समन घेतलं. उर्दूत होतं. कचेरीच्या दफ्तरात रोज उर्दूच लिहितो, तरी दोनदा वाचलं.

वादी: मालतीबाई. वकील: मुकुंदराव. प्रतिवादी नंबर एक: ठेकेदार. प्रतिवादी नंबर दोन: दिगंबर वल्द प्रभाकरराव, पेशा नोकरी, राहणार नल्लकुंटा.

नंबर दोन मीच.

९ जुलै, नंतर
मालतीला विचारलं, हे काय? शांतपणे म्हणाली, मेमध्येच मुकुंदरावांच्या ऑफिसला गेले, फी भरली, पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं विचारून घेतलं. सायकल कोण चालवत होतं हेही. खोटं कसं सांगू? म्हटलं, अगं पण नवऱ्यावर दावा! म्हणाली, कोर्टाने दोघांचं किती-किती चुकलं ते ठरवावं. मग म्हणाली, आमटी गरम आहे, जेवून घ्या.

जेवलो. चव लागली नाही.

आता मला वकील हवा. हिम्मतरावांकडे गेलो होतो. या खेपेला मौन नव्हतं. दारातूनच म्हणाले, ऑफिसला या.

१० जुलै, पहाटे
झोप नाही. समनाबरोबर दाव्याची नक्कल जोडलीय, ती पूर्ण वाचली. तिने सांगितलेलं सगळं मुकुंदरावांनी तसंच लिहून घेतलंय. पाडव्याला पोळ्या लाटताना प्लास्टरच्या आत हाडावर हाड घासल्याचं कळत होतं. पाहुणे होते म्हणून ओरडता आलं नाही. रात्र ती हात उशीवर ठेवून बसून काढत असे. अशा एकवीस रात्री. मी शेजारीच झोपलेला. या डायरीत त्यातली एकही रात्र नाही. आता सगळी पानं उलटून पाहिली.

मालती उठली तशी तिच्याजवळ गेलो.  शेवटी विचारलं, हात दुखतो का गं?

 म्हणाली, आता नाही दुखत.